पार्लरमधली यूव्ही पेटी: घ्यावी की न घ्यावी?

सांगलीत विश्रामबागेतल्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत चालणारं पार्लर असो की हरभट रोडवरचा एका शटरचा गाळा, आरशाखालच्या फळीवर हल्ली एक पांढरी पेटी असतेच. दोन खण, काचेचं दार, आत निळसर उजेड. विकणारा तिला ‘स्टरिलायझर’ म्हणतो आणि दोन-अडीच हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत काहीही सांगतो. 28 जून 2020 ला राज्यातली सलून आणि पार्लर पुन्हा उघडली, तेव्हा सरकारी आदेशात एक अट होती: पुन्हा वापरायची प्रत्येक वस्तू दर ग्राहकानंतर निर्जंतुक करायची. त्या अटीवरचा सगळ्यात सोपा दिसणारा उपाय म्हणून ही पेटी खपली. कोविडचे आदेश गेले, पेटी राहिली. आता तपासणीला कोणी आलं तर दाखवायला आणि ग्राहकाच्या नजरेत भरायला तिचा उपयोग होतो.

एक-दोन खुर्च्यांचं पार्लर चालवणारीनं ती घ्यावी का, एवढाच इथं प्रश्न आहे. धुऊन स्वच्छ केलेली हत्यारं झाकून ठेवायचं कपाट म्हणून ती ठीक आहे. हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र म्हणून ती नापास.

कारण आतल्या दिव्यात आहे. जंतू मारणारा यूव्ही-सी, म्हणजे अतिनील प्रकाश साधारण 254 नॅनोमीटरचा असतो. तो सरळ रेषेत जातो आणि जिथं पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. वस्तूच्या आत शिरत नाही, वळसा घालत नाही. कात्री मिटून ठेवली तर दोन पात्यांमधला भाग अंधारात. प्लकरची आतली बाजू अंधारात. ब्रशच्या केसांचा बुडखा, कंगव्याच्या दातांची मुळं, नेल कटरची खाच, म्हणजे नेमकी जिथं घाण अडकते ती प्रत्येक जागा सावलीत. त्यात स्वस्त पेट्यांमध्ये एकच ट्यूब वर छताला असते आणि वरच्या खणाचा ट्रे पत्र्याचा असतो. म्हणजे खालच्या खणात ठेवलेल्या हत्यारांवर फक्त शोभेचा निळा उजेड पडतो. घ्यायचीच असेल तर ट्रे जाळीचा आणि ट्यूब दोन्ही खणांत आहे का, हे दुकानातच दार उघडून बघा.

दुसरी गोष्ट, ट्यूब खरी आहे का. जंतुनाशक ट्यूबची काच पारदर्शक असते, टोकाची तार आरपार दिसते. लहान पेट्यांमध्ये बहुधा 8 वॅटची, साधारण एक फुटाची ट्यूब असते आणि तिच्यावर ‘जी 8 टी 5’ किंवा ‘टीयूव्ही’ असं छापलेलं असतं. आतून पांढरा लेप असलेली, काळसर जांभळ्या काचेची किंवा जांभळ्या एलईडीची पट्टी असेल तर ती पेटी नोटा तपासायच्या दिव्याच्या जातीची. तिच्यानं काही मरत नाही. खऱ्या ट्यूबचंही आयुष्य काही हजार तासांचंच. त्यातही गोम अशी की जंतू मारायची ताकद आधी उतरते आणि निळा उजेड मात्र पुढं तसाच दिसत राहतो. दिवसभर शोभेला चालू ठेवलेली ट्यूब दीड-दोन वर्षांत फक्त दिव्याच्या कामाची उरते. काचेवर टाल्कम पावडरचा किंवा हेअर स्प्रेचा पातळ थर बसला तरी प्रकाश अडतो. म्हणून आठवड्यातून एकदा, बंद करून गार झाल्यावर, स्पिरिटच्या कपड्यानं ती पुसावी लागते.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. दाराची साधी काच 254 नॅनोमीटरचा प्रकाश अडवते, म्हणून दार बंद असताना धोका नाही. दार उघडताच दिवा विझवणारं बटण बिजागरीजवळ हवं. ते नसेल किंवा बिघडलं असेल, तर दिवसातून वीस वेळा दार उघडणाऱ्या मुलीचे डोळे रात्री चुरचुरायला लागतात, लाल होतात, वाळू गेल्यासारखं वाटतं. त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळं पेटीवर संशय कोणाचा जात नाही. दोष वॅक्सच्या वाफेला नाहीतर जागरणाला दिला जातो. प्लॅस्टिकचे कंगवेही या प्रकाशात हळूहळू पिवळे पडून ठिसूळ होतात.

या सगळ्याहून मोठी चूक वापरात होते. एक ग्राहक उठली, प्लकर टिश्यूनं पुसला, पेटीत ठेवला, दहा मिनिटांनी काढला. त्वचेचा तेलकट थर, क्रीम, रक्ताचा वाळलेला ठिपका, सगळं त्यावर तसंच असतं आणि त्याच्याखालचे जंतू सुरक्षित. हा नैवेद्य दाखवायचा प्रकार झाला: ताट पुढं ठेवलं, पाणी फिरवलं, काम झालं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, साध्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो. ब्लॅकहेड काढायची पिन आणि क्युटिकल निपर, म्हणजे नखाकडेची कातडी कापायचा चिमटा, ही दोन हत्यारं पार्लरमध्ये नेहमी रक्तापर्यंत पोचतात. त्यांना पेटीच्या भरवशावर सोडणं म्हणजे उगाच विषाची परीक्षा.

खरं काम बादलीत होतं. हत्यार आधी साबणाच्या पाण्यात, जुन्या टूथब्रशनं, कात्री असेल तर पूर्ण उघडून घासायचं. घासताना ते पाण्याखाली धरायचं, म्हणजे शिंतोडे तोंडावर येत नाहीत. धुऊन कोरडं करायचं, कारण ओलं हत्यार औषधात टाकलं की दर खेपेला औषध पातळ होत जातं. मग जंतुनाशकात पूर्ण बुडवायचं. अर्धी मूठ बाहेर राहिली तर ती अर्धी मूठ तशीच राहिली. त्यानंतर साध्या पाण्यानं धुणं, पुसणं आणि झाकणाच्या डब्यात ठेवणं. डबा स्टीलचा पोह्यांचा असला तरी चालतो.

औषधांत गोंधळ फार आहे. सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त, पण स्टीलला खातं. 5 टक्क्यांचं असेल तर 1 भागाला 9 भाग पाणी घातलं की 0.5 टक्के होतं. दहा मिनिटं पुरतात. हे टब, फरशी, बेसिन आणि प्लॅस्टिकसाठी ठेवा. रोज ताजं करा, उन्हात ठेवू नका आणि टॉयलेट क्लीनरच्या जवळही नेऊ नका. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो. सुट्या कॅनमधून मिळणारं हायपो किती टक्क्यांचं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळं लेबल आणि तारीख असलेली बाटलीच घ्यावी. 2 टक्के ग्लुटराल्डिहाइड हे स्टीलसाठी चांगलं: वीस मिनिटं बुडवून ठेवायचं. पावडर मिसळून तयार केल्यावर ते साधारण चौदा दिवस चालतं, म्हणून मिसळल्याची तारीख डब्यावर लिहायची. वास उग्र, डोळ्यांना आणि छातीला लागतो. खिडकी नसलेल्या एसी खोलीत ते नकोच. 70 टक्के स्पिरिट पुसायला ठीक, पण वॅक्स हीटरच्या शेजारी वाटीत उघडं ठेवलेलं स्पिरिट म्हणजे आगीला आमंत्रण. क्वाटर्नरी अमोनियमवाली रंगीत द्रावणं कंगव्यांना उत्तम, फक्त साबण नीट निघाला नसेल किंवा बोअरचं जड पाणी वापरलं तर त्यांचा जोर कमी होतो. नळाचं नाहीतर फिल्टरचं पाणी वापरा.

नियमाचा खरा ताण इथं कळतो. धुणं, वीस मिनिटं बुडवणं, पुन्हा धुणं, पुसणं धरून एका फेरीला अर्धा तास जातो. आयब्रोला पन्नास-साठ रुपये आणि सात-आठ मिनिटं. लग्नसराईत किंवा गौरी-गणपतीच्या आधी बाहेर बाकावर पाचजणी बसलेल्या असताना अर्धा तास कोण थांबणार? कागदावर अट लिहिणाऱ्यानं हे गणित मांडलेलं नसतं आणि पेटीवाला नेमका या फटीत ‘दहा मिनिटांत स्टरिलाइज’ म्हणत शिरतो. उपाय साधा आहे, जास्तीचे संच. एक हातात, एक औषधात, एक तयार, असे किमान तीन, सीझनला चार. प्लकर, लहान कात्री, कंगवा, ब्रश यांचे दोन जादा संच मध्यम प्रतीच्या पेटीपेक्षा स्वस्तात पडतात आणि धुणं खरंच शक्य करतात. पेटीचे पैसे आधी इथं घाला.

पिन आणि निपरसाठी मात्र औषधावर भागत नाही. तिथं वाफ लागते. ग्लास बीड यंत्र, म्हणजे गरम काचेच्या मण्यांची वाटी, पार्लरच्या सामानाच्या दुकानात आग्रहानं दाखवतात. पण त्यात हत्याराचं टोकच तापतं, मूठ आणि सांधा बाहेर राहतो, वरून हात भाजायची भीती. त्यापेक्षा मिरजेला जाऊन सर्जिकलच्या दुकानात कुकरसारखा लहान ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं भांडं, बघावा. इस्पितळांचं गाव असल्यानं तिथं निवड भरपूर असते आणि गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्हसारखे सुटे भागही मिळतात. दाबाचं मीटर असलेलाच घ्यायचा. पाणी जाळीच्या खाली राहील इतकंच. डिस्टिल्ड किंवा निदान आरओचं, नाहीतर क्षाराचा पांढरा थर बसतो. वाफ जोरात येऊ लागल्यावर चारपाच मिनिटं व्हॉल्व्ह उघडा ठेवून आतली हवा जाऊ द्यायची. ही पायरी गाळली की मीटर 15 पौंड दाखवतं, पण आत 121 अंश झालेले नसतात. त्यानंतर सुटी हत्यारं वीस मिनिटं, कागदी पाकिटात घातलेली तीस. बंद केल्यावर दाब आपोआप शून्यावर येऊ द्या. वीजेवरचा घेतला तर पंधरा अँपिअरचा पॉइंट लागतो. गॅसवर चालणारेही मिळतात. दर खेपेला आत इंडिकेटर टेपचा तुकडा टाकावा, त्यावरचे पट्टे काळे झाले म्हणजे पाकिटापर्यंत उष्णता पोचली. ग्राहकाला आणि तपासणीला दाखवायला निळ्या दिव्यापेक्षा ही टेप भारी.

तापणं, वीस मिनिटं, निवणं, वाळणं धरून एका खेपेला तास-सव्वा तास लागतो. म्हणून हे रात्री दुकान बंद करताना एकदाच. दिवसाला चार पेडिक्युअर होत असतील तर चार निपर हवेत. साध्या लोखंडाची हत्यारं वाफेत गंजतात, घेताना स्टेनलेस बघून घ्या. ऑटोक्लेव्ह परवडत नसेल तर पिनऐवजी एकदाच वापरायची लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, घ्या. निपर धुऊन वीस मिनिटं खळखळ उकळत्या पाण्यात ठेवणं हेही पेटीपेक्षा कितीतरी चांगलं.

काही वस्तू तर कुठल्याच यंत्रात घालायच्या नाहीत. प्युमिस दगड, लाकडी फाइल, वॅक्सची पट्टी, स्पॅच्युला: एका ग्राहकाला एक. वॅक्सचं तापमान जंतू मरण्याइतकं नसतं, त्यामुळं तीच काडी पुन्हा डब्यात बुडवली की सगळा डबा बाद. ब्लेड आणि लॅन्सेट जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाला फट पाडलेल्या डब्यात टाकून वेगळी द्या. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात सुटं ब्लेड जाता कामा नये. पेडिक्युअरच्या मोटरवाल्या टबाला विशेष जपा. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली. पाणी ओढायच्या जाळीमागं साचलेल्या केसांत आणि मळात जंतू वाढले होते. जाळी काढून रोज घासणं होणार नसेल तर साधा प्लॅस्टिकचा टब बरा.

पावतीचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या सेवेवर जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे नोंदणी असलेल्यांनाही पेटीवरचा किंवा ऑटोक्लेव्हवरचा कर वळता करता येत नाही, आणि वर्षाला 20 लाखांच्या आतल्यांचा तर तो प्रश्नच नाही. दुकानदार ‘क्रेडिट मिळेल ताई’ म्हणून महागातली पेटी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

पेटी आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका. धुतलेली, कोरडी हत्यारं तिच्यात ठेवा, कात्र्या उघड्या, एकावर एक नाही. दिवा दिवसभर जाळायचं कारण नाही. रात्री टायमरवर दहा मिनिटं पुरे. ट्यूब बदलल्याची तारीख पेटीच्या मागं मार्करनं लिहा. फुटली तर आत पारा असतो: दारं-खिडक्या उघडा, झाडू न फिरवता जाड कागदानं तुकडे गोळा करा आणि बंद डब्यात वेगळे द्या. गावभागात तळमजल्यावर गाळा असेल तर पेटी आणि ऑटोक्लेव्ह दोन्ही पावसाळ्यात माळ्यावर चढवता येतील असेच घ्या. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी काउंटरच्या उंचीला जुमानत नव्हतं.