साडेचौदा हजारांची लांबी

वडिलांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून ठेवली आहे. टॅक्सी नव्हे, घरची, पांढरी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हापासून सिग्नलला लोक आमच्या गाडीचे फोटो काढतात. अशा गाडीचा मालक हळवा असतो आणि हळवा माणूस बिल नीट वाचत नाही. माझं तेच झालं.

मे महिन्यात सायनच्या जवळ ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा लाल रेषेपार गेला. पहिली चूक माझीच. इंजिन थंड होईपर्यंत थांबायचं सोडून रेडिएटरच्या टोपीवर फडकं टाकून ती उघडली आणि घरून आणलेली थंडगार बाटली आत रिकामी केली. पद्मिनीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनचं खालचं धड, बिडाचा (ओतीव लोखंडाचा), पण त्यावर झाकणासारखं बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. तापलेल्या ॲल्युमिनियमवर एकदम गार पाणी म्हणजे चुलीवरच्या काचेच्या भांड्यात बर्फ टाकण्यासारखं. त्यानंतर रोज सकाळी पाणी अर्धा-पाऊण लिटर कमी. खाली जमिनीवर मात्र थेंब नाही. सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं. म्हणजे पाणी इंजिनच्या आतच शिरत होतं.

शेजाऱ्यांनी एका गॅरेजचं नाव सुचवलं. मालक बोलका. पहिल्या पाच मिनिटांत 'काका, तुम्ही चिपळूणकडचे ना? बोलण्यावरून कळलं' असं म्हणाला आणि मी अर्धा त्याच्या खिशात गेलो. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट वॉल्व्हची सीट (वॉल्व्ह टेकतो ते कडं) आणि प्लगचं भोक यांच्यामधली केसासारखी काळी रेघ, म्हणजे चीर, त्याने दाखवली. रेघ खरी होती, हे आधीच सांगतो. निदान चुकीचं नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं पटलं.

'नवीन हेड आता कुठं मिळणार काका? जुनं घ्याल तर त्याचीही गॅरंटी नाही. आपण हेच वेल्ड करून, टेस्ट करून, फेस मारून बसवू.' वेल्डिंग, टेस्टिंग, फेसिंग (हेडची तळबाजू घासून सपाट करणं), गॅस्केट, मजुरी मिळून १४,५०० रुपये. चार दिवसांनी गाडी मिळाली. मोबाईलवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडतानाचा फोटोही आला. हेड बाहेरून चांदीसारखं चमकत होतं. बिल छापील नव्हतं, पावतीपुस्तकातलं, शिक्का नाही, नंबर नाही. त्यावर एक ओळ मला फार भारदस्त वाटली होती: 'मॅग्नाफ्लक्स टेस्टिंग १,८००'.

अडीच आठवडे गाडी झकास चालली. मग पनवेलच्या पुढे पुन्हा काटा लाल. या वेळी थांबलो, टो करून आणली. रेडिएटरची टोपी काढली तर आत तपकिरी चिखल.

आता गाडी नेली कुर्ल्याला, एका मशीन शॉपमध्ये. (या गाड्या ज्या कारखान्यात बनायच्या तो कुर्ल्यातच होता, आता तिथे इमारती आहेत.) तिथले मिस्त्री सत्तरीचे, जाड चष्म्याचे, बोलणं कमी. हेड समोर आलं तेव्हा त्यांनी खिशातला चाकू काढून बाजूचा चंदेरी रंग खरवडला. रंगाखालून राखाडी पापुद्रा निघाला. नळाच्या जोडाला लावतात तसलं एम-सील. वॉल्व्हजवळची रेघही तशाच कशाने तरी भरलेली होती. गाडीच्या दरवाजाचा पोचा बुजवायला लांबी भरतात ना, तसंच, फक्त इंजिनच्या आत. तिथे पेट्रोल जळतं, एक्झॉस्टचा वॉल्व्ह तर अक्षरशः लाल होतो. तिथे लांबी किती दिवस टिकणार? ती जेवढे दिवस टिकली तेवढे दिवस मी खूश होतो, एवढंच. आणि तो तपकिरी चिखल म्हणजे गळती थांबवायची पावडर. ती बारीक गळती बुजवते खरी, पण उरलेली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. म्हणजे गाडी दुसऱ्यांदा तापली त्यात दुरुस्तीचाच मोठा हात होता.

मी रुबाबात बिल पुढे केलं. 'टेस्टिंग झालंय हो, बघा ना.' मिस्त्रींनी ती ओळ वाचली आणि पहिल्यांदाच हसले. लोखंडी कपाटावर कागद धरून ठेवणारं चुंबक काढलं आणि हेडला लावलं. टप्पकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. 'मॅग्नाफ्लक्स म्हणजे चुंबकाची टेस्ट. लोखंडाचा भुगा टाकतात, तो चिरेजवळ गोळा होतो. बिडाच्या हेडला करतात, ट्रकच्या. ॲल्युमिनियमला चुंबक धरतच नाही, तर भुगा कशाला धरील?'

घरी येऊन मी तो ठिणग्यांचा फोटो मोठा करून पाहिला. हेडला कंबश्चन चेंबर तीन होते. पद्मिनीला चार सिलिंडर, म्हणजे चेंबरही चार हवेत. वडील शेजारी बसले होते, म्हणाले, 'तुला तिसरीत पाढे मी शिकवले होते.' पुढे काही बोलले नाहीत.

मिस्त्रींनी जे केलं ते मी उभं राहून पाहिलं. हेड स्वच्छ धुऊन लाल डाय, म्हणजे चिरेत झिरपणारा रंग, लावला, पुसला, वरून तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. चीर लाल रेघेने उमटली, मूळच्यापेक्षा लांब झालेली. दोन्ही टोकांपर्यंत खाच कोरून काढली, हेड भट्टीत तापवलं, मग आर्गन वेल्डिंग, आणि झाकून सावकाश गार. गार करताना घाई केली तर वेल्डशेजारीच नवी चीर पडते. सीट नवीन बसवली, फेस मारला, पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटी तपासली. शेवटी पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून हेड गरम पाण्यात बुडवलं आणि आत हवा भरली. दहा मिनिटं आम्ही दोघं बुडबुड्याची वाट बघत बसलो, चहा पीत. एकही आला नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत गेलो होतो. 'काका, जुनी गाडी आहे, वेल्डिंग कधी कधी धरत नाही.' वेल्डिंग केलंच नव्हतं, यावर उत्तर नाही. फोटोतले तीन चेंबर दाखवल्यावर म्हणाला, पोराने चुकून दुसरा फोटो पाठवला असेल. घासाघीस करून ४,००० रुपये परत दिले, नंतर फोन उचलणं बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. तक्रार घेतली, पण त्यांचा पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा होता. ते माझ्याकडे नव्हतंच.

तुमचं हेड कुठे पाठवत असाल, तर पाठवण्याआधी कोपऱ्यात पंचने तुमची खूण मारा, म्हणजे तेच हेड परत आलं का ते कळेल. हेड बिडाचं की ॲल्युमिनियमचं ते आधी स्वतः विचारा, चुंबक तर फ्रिजवरही सापडतं. जुन्या जीपचं, ट्रॅक्टरचं बिडाचं हेड असेल तर थंड स्टिचिंग, म्हणजे पिना बसवून चीर बंद करणं, हा खरा आणि चांगला मार्ग आहे, त्याला कुणी नावं ठेवली तर ऐकू नका. प्रेशर टेस्टला, म्हणजे त्या बुडबुड्यांच्या टेस्टला, मात्र स्वतः हजर राहा. 'तुम्ही कशाला त्रास घेता' असं कुणी म्हणालं, तर हेड उचला आणि निघा. आणि परत आलेल्या हेडवर ताजा चंदेरी रंग दिसला, तर पैसे द्यायच्या आधी नखाने खरवडा.

पंचची ती खूण आता आमच्या हेडवर आहे. वडिलांनी मारली, चार ठिपके, एका ओळीत.