पिकोटेस्लाचा आकडा नंतर, आधी हर्ट्‌झ विचारा

चुंबकीय सेन्सर निवडताना सगळ्यांची नजर आधी संवेदनशीलतेच्या आकड्यावर जाते: किती पिकोटेस्लाचं क्षीण क्षेत्र तो टिपतो? (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, पिकोटेस्ला त्याचा लाख-कोटीवा भाग.) स्थळ बघताना नुसता पगार विचारण्यातला प्रकार. मोजायचं क्षेत्र स्थिर आहे की बदलतं, आणि सेकंदाला किती वेळा बदलतं, म्हणजे किती हर्ट्‌झ, हे आधी ठरवा.

सध्या मोह पडतो तो मॅग्नेटोइलेक्ट्रिक संमिश्र सेन्सरचा. लोह-कोबाल्ट-सिलिकॉन-बोरॉनचा पातळ थर चुंबकीय क्षेत्रात किंचित लांबतो किंवा आखडतो. तो ताण त्याला जोडलेल्या ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पीझो थरात उतरतो आणि तिथे व्होल्टेज उमटतं. जर्मनीतल्या कील विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. हे थर ज्यावर बसवतात ती सिलिकॉनची पट्टी रेझोनन्सवर, म्हणजे तिच्या नैसर्गिक वारंवारतेवर, बहुधा काहीशे हर्ट्‌झला, थरथरत असताना 1 पिकोटेस्लाच्या घरातलं क्षेत्रही टिपू शकते. थंड करायला द्रव हेलियम लागत नाही, खोलीचं तापमान पुरतं.

पण स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आठवा. खटका दाबला की ठिणगी पडते. तसाच दाबून धरला तर पुढे काही होत नाही. पीझो थरही बदलालाच दाद देतो, स्थिर क्षेत्राला नाही. उदाहरणार्थ, हृदयाचं चुंबकीय क्षेत्र दहा-वीस पिकोटेस्ला, फार तर शंभरेक; आणि त्यातला महत्त्वाचा भाग 100 हर्ट्‌झच्या खाली, म्हणजे नेमका रेझोनन्सपासून लांब. वर ही पट्टी मायक्रोफोनसारखी वागते: दार आपटलं तरी सिग्नल येतो. बऱ्याच रचनांना शेजारी बायस क्षेत्र, म्हणजे एक कायमचं स्थिर चुंबकीय क्षेत्रही द्यावं लागतं.

दुसरा पर्याय टीएमआर (टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स) चिपचा. हीसुद्धा पातळ थरांचीच. दोन चुंबकीय थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटरचा मॅग्नेशियम ऑक्साइड, आणि क्षेत्र बदललं की रोध बदलतो. स्थिर क्षेत्र मोजते, तांदळाच्या दाण्याएवढी असते, सहज विकत मिळते. कमी हर्ट्‌झला तिचा गोंगाट (सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला भाग) वाढतो, त्यामुळे पिकोटेस्लाची आशा नको. मोटरच्या फिरत्या दांड्याचा कोन, वायरमधला करंट, होकायंत्र यांसाठी दुसरं काही शोधूच नका.

मंद, क्षीण क्षेत्रासाठी मी आजही फ्लक्सगेट सेन्सरच घेईन. गाभा आणि गुंडाळ्यांचा, थोडा जाडजूड, पण भरवशाचा. आदित्य-एल1 वर तोच आहे, यानाचा स्वतःचा चुंबकीय त्रास टाळायला 6 मीटरच्या दांड्यावर. शेजाराचा त्रास आपल्याकडे जुनाच: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 च्या सुमारास अलिबागला न्यावी लागली.

संमिश्र पट्टी कोणी घ्यावी? ज्याचा सिग्नल एका ठरलेल्या वारंवारतेचा आहे, म्हणजे ज्याला कॉइलला हवी ती वारंवारता देऊन तिची जागा शोधायची आहे, त्याने. किंवा पट्टी बनवणं हाच ज्याच्या पीएचडीचा विषय आहे, त्याने. बाकीच्यांनी विक्रेत्याकडे 1 हर्ट्‌झपासूनचा गोंगाटाचा आलेख मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर समजून जा.