ट्राउटसाठी निम्फ: इंडिकेटरखाली की ताणलेल्या लाईनवर?

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जायचंय आणि सोबत एकच फ्लाय रॉड न्यायचाय, तर दोन पर्याय आहेत. नऊ फुटी पाच-वेट (वेट म्हणजे रॉडला लागणाऱ्या लाईनच्या वजनाचा आकडा) घेऊन निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बांधलेला गळ, इंडिकेटर नावाच्या तरंगत्या खुणेखाली सोडा, किंवा साडेदहा फुटी तीन-वेट घेऊन लाईन ताणलेली ठेवा, म्हणजे ज्याला ‘युरो’ म्हणतात ते.

तळ्यावर गळ टाकणाऱ्याला इंडिकेटर लगेच जमतो, कारण तो गळाच्या बुचाचाच चुलतभाऊ. निम्फ पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर बांधायचा, बूच थबकलं की रॉड उचलायचा. लांबवरच्या संथ डोहात हीच पद्धत बरी.

पण नदीत वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं. इंडिकेटर वरच्या पाण्याबरोबर धावतो आणि निम्फला फरपटत नेतो. तळाशी सुटलेले खरे किडे इतक्या घाईत कधीच नसतात, त्यामुळे ट्राउट तोंड लावत नाही. ताणलेल्या लाईनमध्ये पाण्यात उतरतो तो फक्त टोकाचा बारीक दोरा, म्हणजे टिपेट. त्याच्या आधीचा रंगीत दोरा, म्हणजे सायटर, पाण्याच्या वर राहतो आणि मासा लागल्याचं तोच सांगतो. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जास्त घन, म्हणून टंगस्टनच्या मण्याचा छोटा निम्फही चटकन तळ गाठतो. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या आसपास पाणी धोंड्यांमधून फुटत येतं, चांगल्या जागा हाताशीच असतात. लांब फेकीचं कौशल्य इथे फारसं कामाला येत नाही.

म्हणून तीर्थनसाठी माझं मत युरोला. तोटे आहेतच. दुपारी खोऱ्यातून वारा वर चढला की लाईनच्या पुढचा हलका दोरा, म्हणजे लीडर, भरकटतो आणि त्याच रॉडवर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) टाकणं म्हणजे वैताग. काश्मीरला लिद्दर नदीच्या रुंद पाण्यावर जाणार असाल तर मी पाच-वेटच नेईन.

निम्फ कोणता, यावर फार डोकं शिणवू नका. इंग्लंडच्या एव्हन नदीवरच्या फ्रँक सॉयरने दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधलेला फेझंट टेल दोन्हीकडे चालतो.

नऊ फुटी रॉड आधीच घरात असेल, तर तूर्त नवा घेऊ नका. त्यालाच लांब, बारीक लीडर जोडा. पोच थोडी कमी पडेल, पण पद्धत कळेल. मत्स्य विभागाचा परवाना मात्र आधी काढा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे जाऊच नका, तेव्हा ट्राउटची मासेमारी बंद असते.