आरपीएमचा काटा आणि माझे 14,850 रुपये

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनी हे वाचाच. गॅरेजवाले कसे गंडवतात ते तुम्हाला नव्याने सांगायला नको, मला कसं गंडवलं तेवढं सांगतो.

माझी मारुती एस्टीम व्हीएक्स 1997 ची, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो भाग). गाडी नुसती चालू ठेवली तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा साडेआठशेच्या जागी तेराशेवर जायला लागला. आवाज नेहमीचाच, पेट्रोलही जास्त पीत नव्हती. काटा खोटं दाखवतोय का एवढंच बघायला गाडी नेली. गॅरेजही ओळखीतल्याने सुचवलेलं, रस्त्यावर सापडलेलं नव्हे.

मेस्त्री म्हणाला, "स्लो वाढलाय साहेब." स्लो म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे. त्याचा स्क्रू फिरवून काटा साडेआठशेवर आणला. काटा मुळात जास्तच दाखवत होता, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात पाचशेच्या आसपास आणून ठेवलं. मग काय, गाडी प्रत्येक सिग्नलला बंद! परत नेली तर निदान तयारच: कार्ब्युरेटर गेला. ओव्हरहॉलिंगचे 3,800. मग प्लग आणि वायरींचे 1,450. मग ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचे 1,900. बिघाडही त्याचाच, दुरुस्तीही त्याचीच.

आणि तो क्षण. आठवला की अजून जीव जळतो. अंधार पडला होता, तो म्हणाला लाईट लावा. मी हेडलाईट लावले आणि काटा टणकन बाराशेवर! टेंपरेचरचा काटाही केसभर वर सरकला. इंजिनाचा आवाज मात्र उलट किंचित दबला. मी विचारलं, तर म्हणे, "अल्टरनेटर लोड घेतोय, म्हणून वाढतो." अरे, लोड आला की फेरे उतरतात, वाढतात कुठे? हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तो आयुष्यभर हेच काम करतोय आणि मी बँकेत. डॉक्टरने ईसीजी वाचल्यावर आपण वाद घालतो का? लाईट लावल्यावर मीटरचे काटे हलले की आधी मीटरचा अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी, तपासायची. बाकी कशालाही हात लावू द्यायचा नाही.

शेवटी "मीटरच गेलं." 'कंपनीचा जुना स्टॉक, पॅकबंद' म्हणून 6,500 घेतले, वर मजुरी 1,200. एकूण 14,850, कच्च्या चिठ्ठीवर. जुनं मीटर मागितलं तर ते एक्स्चेंजमध्ये गेलेलं. आणि या पॅकबंद मीटरवर किलोमीटर किती? 61 हजार! म्हणे कंपनीत टेस्टिंग करतात. काटा तरीही नाचतच होता.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या वायरमनने एक नंबरच्या प्लगच्या वायरीला क्लॅम्प लावून खरे आरपीएम मोजले, मग मीटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वायर जोडली. काटा जागेवर. डॅशमागचा अर्थचा स्क्रू गंजला होता. 150 रुपये घेतले. मीटर बाहेर काढलं तेव्हा मागे निळ्या मार्करने लिहिलेलं दिसलं: 900. भंगारवाल्याचा भाव!

पोलीस चौकीत गेलो. "दिवाणी मॅटर आहे, पक्कं बिल आणा." बिल दिलंच नाही हीच तर तक्रार आहे ना! एका तक्रार क्रमांकावर फोन लावला, त्यांनाही बिल नंबर हवा. आरटीओत किलोमीटरचं विचारलं, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि शेवटच्या खिडकीतला साहेब जेवायला. आल्यावर म्हणतो, "इतकी जुनी गाडी ठेवताच कशाला? भंगारात द्या." म्हणजे चोर मोकळा आणि गुन्हा कुणाचा, तर गाडीच्या वयाचा! ग्रीन टॅक्स घेताना मात्र हीच जुनी गाडी चालते यांना.

चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. काटा कॉइलच्या निगेटिव्हवरून त्याच मोजतो, त्यामुळे काट्याची तक्रार असेल तर आधी वायरमनकडे जा, फिटरकडे नको. काट्याकडे बघून स्लोचा स्क्रू कुणी फिरवायला लागला तर तिथेच हात धरा. काढलेला प्रत्येक पार्ट डिकीत टाकून आणा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, पण तिथेही कागदच बोलतो. यूपीआयने पैसे द्या, त्या चिठ्ठीचाही फोटो काढा.

माझ्या गाडीचे खरे किलोमीटर 1,48,000 च्या वर आहेत. उद्या विकायला काढली तर मीटर मीच फिरवलं असं समोरचा म्हणणार. इन्शुरन्सच्या वेळी जुन्या मीटरचा काढलेला एक फोटो तेवढा सापडला, त्याची प्रिंट गाडीच्या कागदांत ठेवली आहे.