शनिवारवाली ताई: ऑटिस्टिक मुलांच्या एका मेंटॉरिंग कार्यक्रमाचे सहा महिने

मुलुंड पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. चार वर्षांपूर्वी पाटी रंगवून आणली, भिंतीवर चढवली, नारळ फोडला. लेक तेव्हा बारा वर्षांची. ती खाली उभी राहून म्हणाली, "आई, 'घरगूती' चुकलंय. गु ऱ्हस्व असतो." पेंटर म्हणाला, राहू द्या हो ताई, कोण बघतंय. त्यानंतर तीन दिवस ती पुढच्या दाराने दुकानात आली नाही, मागच्या बोळातून यायची. चौथ्या दिवशी पेंटरच्या हातावर दोनशे रुपये ठेवले आणि गु ऱ्हस्व करून घेतला.

यावरून लेक कशी आहे ते बऱ्यापैकी कळलं असेल. ती ऑटिस्टिक आहे, आता सोळा वर्षांची, अकरावीला आर्ट्समध्ये. निदान व्हायला अकरावं वर्ष उजाडलं. तोवर शाळेत "हुशार आहे पण हट्टी" आणि नातेवाइकांत "एकुलती एक ना, लाडावलीय" यावर भागत होतं. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हा शब्द तिला मुळीच चालत नाही. "मी स्वतःत कुठे मग्न आहे? मी पाटी वाचतेय." शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम तिला क्रमांकासकट पाठ आहेत, १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार. सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्यांसाठी २५ नोव्हेंबर २०२३ ची मुदत दिली होती ना, तो महिना आमच्या घरात दिवाळीपेक्षा मोठा होता. रोज दहा नव्या पाट्या आणि त्यातल्या सहा चुकलेल्या.

दहावी नीट पार पडली, तासाला २० मिनिटं जादा मिळाली त्याचा उपयोग झाला. पण दहावी संपली आणि शाळेचा घोळका पांगला. फोन वाजेना. तसा तो आधीही फारसा वाजत नव्हता, पण आता कारणही उरलं नाही. स्पीच थेरपी झाली, ऑक्युपेशनल थेरपी झाली, कौन्सेलिंग झालं. या सगळ्या ठिकाणी कुणीतरी तिच्याकडून काहीतरी करून घेत असायचं. तिच्याबरोबर नुसतं फिरणारं, माझ्यापेक्षा लहान आणि तिच्यापेक्षा मोठं असं माणूस कुठेच नव्हतं.

म्हणून गेल्या जूनमध्ये माटुंग्याच्या एका संस्थेच्या कार्यक्रमाला नाव घातलं. तेरा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामागे एक मेंटॉर, म्हणजे सोबतीला एक मोठी ताई किंवा दादा, दर शनिवारी दोन तास, सहा महिने, महिन्याला ४,५०० रुपये. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं वाईट नाहीत.

नोंदणीचा फॉर्म चार पानी. त्यातली साडेतीन पानं आम्ही प्रत्येक थेरपिस्टकडे भरलेलीच: बाळ कधी रांगलं, कधी बोललं. पण शेवटच्या पानावर एक प्रश्न मुलासाठी होता: तू कशावर तासभर बोलू शकतोस किंवा शकतेस? लेकीने तिथे जागा पुरली नाही म्हणून पाठकोरा कागद जोडला. शिवाय फॉर्ममधल्या 'स्वंयसेवक' या शब्दावरचा अनुस्वार उचलून 'य'वर ठेवला, लाल पेनने. मला वाटलं, झालं, आता घेत नाहीत.

घेतलं. पहिल्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांना गोल बसवून चेंडूचा खेळ. चेंडू ज्याच्याकडे येईल त्याने नाव आणि आवडता रंग सांगायचा. वर एक ट्यूबलाइट सतत गुणगुणत होती, ती ज्याने पहिल्याच दिवशी अशा मुलांच्या डोक्यावर ठेवली त्याला माझा नमस्कार. चेंडू गडगडत लेकीच्या पायाशी आला. तिने तो उचलला आणि कोपऱ्यातल्या टोपलीत नेऊन ठेवला, कारण टोपलीवर 'चेंडू' असं लिहिलं होतं. खेळ तिथेच संपला. दोन मुलांना त्याचा उघड आनंद झाला.

तिला मिळालेली पहिली ताई हसरी, बोलकी, मानसशास्त्रात एमए करणारी. नऊ शनिवार तिने जीव लावून काढले. "डोळ्यांत बघून बोल" हे मात्र तिने सोडलं नाही. लेक घरी येऊन सांगायची, "डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नाही, एका वेळी एकच होतं." तरी तिला ती ताई आवडायची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या शनिवारांवर तिने 'ताई' लिहून ठेवलं होतं, एकाच मापाच्या अक्षरांत.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: उद्यापासून आपल्या पाल्याला नवीन मेंटॉर. बास. पुढे हात जोडलेले. ताईला कुठेतरी नोकरी लागली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पोरीबाळींना नोकऱ्या लागाव्यातच. पण ऑटिस्टिक मुलांसाठी कार्यक्रम चालवणाऱ्यांनी बदल आदल्या रात्री सांगावा? मी डब्याची भाजी बदलणार असले तरी ती चार दिवस आधी फळ्यावर लिहिते. लेकीने कालनिर्णयवरचे सगळे 'ताई' व्हाइटनरने खोडले. रात्री एकपर्यंत ती व्हाइटनर लावत बसली होती. पुढचे दोन शनिवार ती गेली नाही, मीही ओढली नाही. फी मात्र पूर्ण महिन्याची घेतली. "पॉलिसी आहे," म्हणाले.

तेव्हाच सोडून दिलं असतं तर हे लिहिलंही नसतं. तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, दहा मिनिटं बस, नाही पटलं तर समोर कॉफी पिऊन घरी. दुसरी ताई आली ती कानाला मोठे हेडफोन लावून. सव्वीस वर्षांची, दादरला एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते, आणि स्वतः ऑटिस्टिक. "नमस्कार काकू" म्हणाली ते माझ्या पर्सकडे बघून. मग लेकीकडे न बघताच म्हणाली, "तुझं पाठकोरं पान वाचलं. कोपऱ्यावरच्या डेअरीच्या पाटीवर 'दुध' लिहिलंय."

लेक म्हणाली, "दूध दीर्घ. पण दुधाचे म्हणताना ऱ्हस्व."

"का?"

इथून पुढे चाळीस मिनिटं दोघी माटुंग्याच्या बाजारात पाट्या वाचत हिंडल्या. शुध्द तूप. सुगंधीत अगरबत्ती. नगरसेवकाच्या फ्लेक्सवर 'हार्दीक शुभेच्छा'. उभ्या टॅक्सीच्या काचेवर 'आईचा आर्शीवाद', त्यावर दोघी एकदम हसल्या. माझी लेक अनोळखी माणसाबरोबर हसताना मी किती वर्षांनी बघितली ते मोजलं नाही. सगळा वेळ मी वीस पावलं मागे, भाजी घेतल्याचं नाटक करत. कढीपत्ता तीनदा घेतला.

या ताईने मला एक गोष्ट समजावली. सगळे म्हणतात ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. पण बाकीच्यांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडून असतं, दोष मात्र एकाच्याच नावावर लागतो. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली हे मांडलं, आणि तो स्वतः ऑटिस्टिक आहे. मला लगेच ती चेंडूची टोपली आठवली. आम्ही सगळे हसलो होतो. टोपलीवर लिहिलं होतं तसं एकटीनेच केलं होतं.

आता तिकिटाची गोष्ट. सहा महिन्यांसाठी मुलाने स्वतः एक काम निवडायचं असतं, हा या कार्यक्रमाचा चांगला भाग. आईबापांनी नाही, मुलाने. मी लिहून दिलं असतं, "चारचौघांत बोलावं." तिने लिहिलं, "रेल्वेचं तिकीट खिडकीवरून काढणे." तोवर मी काढायची किंवा पास असायचा. ताईने माटुंगा स्टेशनच निवडलं, कारण २०१७ साली हे स्टेशन पूर्णपणे बायकांच्या हाती दिलं, खिडकीवरही बाईच. माटुंगा ते शीव, एकच स्टेशन, पाच रुपये. शीवला जायचं हे लेकीचं म्हणणं, कारण लोकांच्या तोंडी सायन आणि मराठी पाटीवर शीव. शीव म्हणजे हद्द, मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची, हे तिने मला त्याआधी निदान दहादा सांगितलं असेल.

दोन शनिवार नुसता सराव. कागदावर पायऱ्या: रांगेत उभं राहायचं, पाचाचं नाणं उजव्या हातात, "एक शीव" म्हणायचं, तिकीट घ्यायचं, बाजूला व्हायचं. तिसऱ्या शनिवारी प्रत्यक्ष. मी जिन्यावर उभी. लेकीचा नंबर आला, नाणं सरकवलं, "एक शीव." आतून बाई म्हणाल्या, "रिटर्न?"

हे कागदावर नव्हतं.

लेकीचा हात खिडकीच्या कडेवर तसाच राहिला. मागे सात-आठ माणसं. एकजण "चलो, चलो" करायला लागला. ताई तीन फुटांवर उभी होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. मी चार पायऱ्या उतरले, तर तिने हात नुसता आडवा केला, माझ्याकडे न बघता. लेकीची बोटं कडेवर वाजायला लागली, एक-दोन-तीन-चार, ती घाबरली की करते तसं. मग म्हणाली, "परतीचं हवंय. पण पाचच रुपये आहेत."

"मग जायचंच देते," बाई म्हणाल्या, आणि दिलं.

शीवहून येताना परत खिडकीवर जावं लागलं. तिथे तिने आपणहून सांगितलं, "एक माटुंगा, रिटर्न नको." ताईने ना टाळ्या वाजवल्या ना शाब्बास म्हटलं. म्हणाली, "आता कागदावर सहावी पायरी घाल." मला मात्र बाजूला घेऊन झापलं: "काकू, तुम्ही जिन्यावर दिसत होतात. ती अर्धा वेळ तुमच्याकडे बघत होती." त्यानंतर मी कॉफी प्यायला जाते, प्रामाणिकपणे.

बाकीचं थोडक्यात. सुरक्षिततेबाबत संस्था कडक आहे: मेंटॉरची पोलीस पडताळणी, दाराला काच असलेली खोली, मुलाशी खासगी नंबरवर बोलणं बंद. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा एक पानी मजकूर पालकांकडूनही सही करून घेतात. बरं वाटलं. पालकांची महिन्याची बैठक कंटाळवाणी, एक सोडून. त्या बैठकीत समाजसेविका बाईंनी अठरा वर्षांनंतरचं सांगितलं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, आणि मूल सज्ञान झालं की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. गरज असेल तर, हे त्यांनी दोनदा म्हटलं, कारण काही आईबाप गरज नसताना मुलाच्या सहीवर कायमचा हात ठेवतात. मी गप्प बसून ऐकलं. माझ्या मनात अर्ज तयारच होता.

दुसरी तक्रार माझी नाही, पण लिहिते. विक्रोळीच्या एक बाई माझ्याबरोबरच नोंदणीला आल्या होत्या. त्यांचा मुलगा बोलत नाही, टॅबवर टाइप करून छान बोलतो. त्याला "या बॅचमध्ये बसत नाही" म्हणून परत पाठवलं. पत्रकावर मात्र 'सर्व ऑटिस्टिक किशोरांसाठी' असं ठळक छापलंय. वाक्यात बोलणारीच मुलं घेणार असाल तर तसं छापा, विक्रोळीहून माटुंग्याला यायला त्या माउलीला अर्धा दिवस रजा टाकावी लागली होती.

कुणाला सुचवीन? ज्यांच्या मुलाला शिकवणारे पुष्कळ आहेत पण सोबत कुणाची नाही, त्यांना. नाव घालण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: मेंटॉरपैकी स्वतः ऑटिस्टिक किती आहेत, आणि एखादा मध्येच गेला तर काय करता. आमच्या बॅचला अकरा मेंटॉर होते, त्यात ऑटिस्टिक एकच, आणि ती आमच्या वाट्याला आली ती पहिली गेली म्हणून. याला योजना म्हणत नाहीत. फी आमच्यासारख्यांना जड आहे, महिन्याच्या ४,५०० साठी मला बऱ्याच पोळ्या लाटाव्या लागतात. तरी जानेवारीच्या बॅचची भरली, पण त्याआधी ऑफिसात बसून एक गोष्ट लेखी मागितली: मेंटॉर बदलणार असेल तर तीन आठवडे आधी सांगायचं आणि जाणाऱ्याने एक शनिवार निरोपाला यायचं. ऑफिसातल्या बाई आधी कां-कूं करत होत्या. मग कबूल झाल्या, नियमावलीत ओळ घातली आणि सगळ्या पालकांना पाठवली.

ओळ अशी आहे: 'मेंटॉर बदलाची पूर्वसुचना तीन आठवडे आधी दिली जाईल.' लेकीने 'सू' दीर्घ करून, खाली नियमाचा क्रमांक घालून त्याच दिवशी परत पाठवली. अजून दुरुस्त केलेली नाही. ती रोज बघते.