वीस डॉलरचं इलेक्ट्रोलक्स आणि मांजरपाटाची पिशवी

मुलाकडे न्यू जर्सीला आलो की पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग हात शिवशिवायला लागतात. ३१ वर्षं एसटीच्या कार्यशाळेत सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) आणि डायनामो उघडून बसलेला माणूस मी, इथे मला साधा बल्बसुद्धा कोणी बदलू देत नाही. म्हणून शनिवारी सकाळी फिरायला निघालो की गराज सेलच्या, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढल्याच्या, पाट्या बघत जातो. मे महिन्यात अशाच एका गराजात, गोल्फच्या काठ्यांच्या मागे हे जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं दिसलं. आजीबाई तीस डॉलर म्हणाल्या. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी त्याचा अर्थ वीस घेतला हे नशीब, दोन समजल्या असत्या तर हाकलून दिलं असतं.

तर हे इलेक्ट्रोलक्सचं मॉडेल ट्रिपल एक्स, म्हणजे रोमन तीस. कंपनी मूळची स्वीडनची, पण हे मशीन अमेरिकेतलं, कनेक्टिकटमधल्या ओल्ड ग्रीनिचच्या कारखान्याचं. १९३७ साली बाजारात आलं. आकार लुरेल गिल्ड नावाच्या डिझायनरने दिला आणि ब्रुकलिन म्युझियमच्या संग्रहातही हे मॉडेल आहे. त्याला चाकं नाहीत. बर्फावरच्या घसरगाडीला असतात तशा दोन क्रोमच्या पट्ट्यांवर ते कार्पेटवरून सरकतं. अंगावर कातड्यासारखं रेक्झिन, दोन्ही टोकांना चकचकीत धातू. नातू त्याला रॉकेट म्हणतो. सूनबाई काही म्हणत नाहीत, फक्त जाताना वळसा घालून जातात.

इलेक्ट्रोलक्स हे नाव आमच्या घरात नवीन नव्हतं. युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये सुरू झाली ती याच कंपनीच्या भागीदारीत. त्यांचा टाय लावलेला मुलगा आमच्या साताऱ्याच्या क्वार्टरमध्ये आला होता. गादीवर मशीन फिरवून त्याने पांढऱ्या कापडावर काळी धूळ काढून दाखवली. मशीन घेण्याची ऐपत नव्हती, पण ती धूळ बघून बायको दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. अमेरिकेतही ही मशिनं अशीच दारोदार विकली जायची, हे इथे आल्यावर कळलं. म्हणजे इथल्याही कितीतरी बायकांची तीच गत झाली असणार.

आता मशीनबद्दल.

पुढचं झाकण अंगणात उघडलं, तोंडाला मास्क लावून. आतल्या कापडी पिशवीत करडी, नमद्यासारखी घट्ट झालेली धूळ, एक केसाची पिन, दोन बटणं आणि १९४४ चा एक सेंट. वायरचं रबर हात लावताच बिस्किटासारखं तुटलं. असं मशीन घरी आणून लगेच प्लगमध्ये घालणारे लोक आहेत, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. वायर पहिल्यांदा काढून टाका, मग बाकीचं बोला.

मोटार बाहेर काढली आणि मी एकदम डेपोत जाऊन बसलो. आर्मेचर (फिरणारा भाग) आणि फील्ड (भोवतीची स्थिर गुंडाळी) सिरीजमध्ये, दोन कार्बन ब्रश, आणि ते ज्यावर घासून आर्मेचरला वीज देतात तो तांब्याचा कम्युटेटर. एसटीच्या सेल्फची ही चुलत बहीणच, फक्त हिचा वेग जास्त आणि अंग नाजूक. अशी मोटार एसी म्हणजे दिशा बदलत्या विजेवरही फिरते आणि डीसी म्हणजे एकाच दिशेच्या विजेवरही. त्या काळात इथे त्याची गरजही होती, कारण बऱ्याच शहरी भागांत डीसी पुरवठा होता. न्यू यॉर्कमधलं शेवटचं डीसी कनेक्शन तर २००७ मध्ये तोडलं!

बेअरिंगमधल्या ग्रीसचा गूळ झाला होता. रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरलं. कम्युटेटरवर काजळी होतीच, पण खरी अडचण मायकाची. तांब्याच्या पट्ट्या झिजल्या होत्या आणि त्यांच्या मधला मायका, म्हणजे अभ्रक, वर आला होता. अशा वेळी ब्रश उड्या मारतात आणि ठिणग्या पडतात. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा दगडावर घासून बारीक केला आणि दोन दुपारी बसून एकेक खाच खाली घेतली. ब्रश मापाचे मिळाले नाहीत. मोठे आणून पॉलिश पेपरवर घासून बसवले. मग तोच पेपर कम्युटेटरवर गुंडाळून आर्मेचर हाताने फिरवलं, म्हणजे ब्रशच्या तोंडाला बरोबर गोलाई येते.

सिरीज लॅम्पशिवाय, म्हणजे विजेच्या वाटेत आधी एक बल्ब जोडल्याशिवाय, चालू करणं माझ्या धर्मात बसत नाही. पण जुना तारेचा बल्ब आता इथल्या दुकानात मिळत नाही. शेवटी तळघरातल्या पडक्या टेबल लॅम्पमध्ये एक साठ वॉटचा सापडला. प्लग लावला. बल्ब मंद पेटला, मोटार हुं करून आळसावल्यासारखी फिरली. भगभगीत पेटला असता तर समजायचं आत शॉर्ट आहे. मग थेट लाइनवर घेतलं. आवाज मिक्सरसारखा किंचाळणारा नाही, लांबून ट्रक चढावर यावा तसा भरीव. मी तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, बंद करा आता, शेजारी बघतायत."

चमक आणायचं काम सोपं. पट्ट्यांवरचा गंज स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, क्रोमला चरे पडत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या टोकांवर मात्र चिंच-लिंबाचे प्रयोग नकोत. बायकोने सुचवले होते.

आता माझी चूक. मूळची पिशवी मी साबणाच्या पाण्यात धुतली. विणीत जमलेली बारीक धूळच पुढच्या धुळीला अडवत असते, ही अक्कल नंतर आली. पिशवी वाळल्यावर चाळणी झाली. मग बायकोने मांजरपाटाची दुहेरी शिवली. ओढ किती आहे ते बघावं म्हणून मी पाडव्याची उरलेली रांगोळी कार्पेटवर सांडली. मशीनने ती क्षणात उचलली आणि मागच्या तोंडातून संपूर्ण दिवाणखान्यात परत दिली. टीव्ही पांढरा, सोफा पांढरा, नातू पांढरा. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ, ते मोटारीतून गेलेलं, म्हणून सगळं पुन्हा उघडून साफ केलं. तिसरी पिशवी जाड कापडाची, तिच्यात हवाच अडली, मोटार तापली. चौथी फ्लॅनेलची, आतून कागदाची पिशवी. ती चालते आहे.

रोजच्या झाडलोटीला घ्यावं का? नाही. होज म्हणजे धूळ ओढायची नळी नवी टाकूनसुद्धा लोंबते, जिन्यावर नेताना कंबर धरते आणि दमेकरी घरात असेल तर या पिशव्यांच्या नादाला लागूच नका. सूनबाईंचं बिनवायरचं यंत्र हलकं आहे, कोपऱ्यात शिरतं. फक्त मागच्या महिन्यात ते बंद पडलं तेव्हा त्याला उघडायला स्क्रूच सापडला नाही. ते कचऱ्यात गेलं आणि आठवडाभर रॉकेटने घर सांभाळलं. त्या आठवड्यात वळसा घालणं थांबलं होतं.

भारतात न्यायचं म्हणाल तर हे १२० व्होल्टचं. आपल्या २३० वर स्टेपडाऊनशिवाय (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) लावलंत तर धूर बघायला मिळेल. वीस डॉलर मशीनचे, होज, वायर, ब्रश मिळून आणखी पंचावन्न गेले, मजुरी माझी मीच माफ केली. मोटारीला पाचपैकी पाच, पिशवीला दीड, आणि त्या दीडमधला एक बायकोच्या शिलाईचा.

कुठे दिसलं तर पुढचं झाकण उघडून पिशवीच्या तोंडाची कडी जागेवर आहे का तेवढं बघा. कडी नसेल तर एक बोट दाखवा.