नवी मुंबईतील एका वास्तुकला महाविद्यालयाचा अध्यापकवर्ग: माजी विद्यार्थिनीचा अभिप्राय

बारावीनंतर वास्तुकलेचे महाविद्यालय निवडताना नाटा या वास्तुकलेच्या प्रवेश परीक्षेचे गुण, राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्या, शुल्क आणि स्थानकापासूनचे अंतर यांची चौकशी सगळेच करतात. तेथे शिकवणारे कोण आहेत आणि ते कसे शिकवतात, हा प्रश्न बहुतेकांना प्रवेश झाल्यावर पडतो. बी.आर्क. हा पाच वर्षांचा, दहा सत्रांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याचा कणा म्हणजे डिझाइनचा स्टुडिओ. इतर शाखांमध्ये एखादा शिक्षक कच्चा निघाला तर विद्यार्थी पुस्तकावरून किंवा शिकवणी लावून तो विषय भरून काढू शकतो. स्टुडिओत ती सोय नाही, कारण तेथे शिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी बसून त्याच्याच कागदावर बोलत असतो आणि ते बोलणे हेच शिक्षण असते. हार्बर मार्गालगतच्या ज्या महाविद्यालयातून मी पदवी घेतली, त्याचा हा अभिप्राय म्हणूनच केवळ अध्यापकवर्गापुरता लिहीत आहे. त्यात काही स्पष्ट तक्रारी असल्यामुळे महाविद्यालयाचे आणि शिक्षकांचे नाव दिलेले नाही. तरी शिक्षक कशावरून पारखावेत हे कळण्यास नावाची गरज पडणार नाही, असे मला वाटते.

माझे एकूण मत चांगले आहे. येथील कायमस्वरूपी शिक्षकांपैकी बहुतेकजण विद्यार्थ्याला आधी पाहायला आणि मोजायला लावतात आणि नियम नंतर सांगतात, हे त्याचे मुख्य कारण. पहिल्या वर्षी जिना शिकवताना सरांनी प्रत्येकाला राहत्या इमारतीचा, रेल्वे पुलाचा आणि एखाद्या जुन्या घराचा जिना टेपने मोजून आणायला सांगितला होता, आणि कोणत्या जिन्यावर पाय अडखळतो, कोणत्या जिन्यावर आजी मध्येच थांबते, याचीही नोंद मागितली होती. सर्वांची मापे फळ्यावर लिहून झाल्यावर त्यांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील आकडे सांगितले: निवासी इमारतीत पायरीची रुंदी किमान 250 मिलिमीटर आणि उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर. तोवर ते आकडे आमच्या गुडघ्यांना ठाऊक झाले होते. हाच धडा पहिल्याच तासाला स्लाइडवर दाखवून संपवता आला असता, आणि अनेक ठिकाणी तो तसाच संपवला जातो.

या महाविद्यालयाचे खरे बलस्थान मात्र चौथ्या वर्षाचा अर्बन डिझाइनचा, म्हणजे शहरातील वस्त्या आणि सार्वजनिक जागांच्या रचनेचा, स्टुडिओ आणि तो चालवणारे तीन शिक्षक हे आहे. हा विषय नवी मुंबईत शिकवणाऱ्याला एक दुर्मीळ संधी मिळते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 रोजी ते शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नोड (उपनगरे) आणि सेक्टरांची रचना आखली गेली. म्हणजे शहराचा मूळ विचार आणि त्याचे आजचे रूप या दोन्ही गोष्टी महाविद्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर शेजारी ठेवून तपासता येतात. ही संधी साधणारे शिक्षक मला येथे भेटले. परदेशातील चौक आणि बाजारपेठा छायाचित्रांवरून शिकवण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही.

पहिले काम बेलापूरच्या सेक्टर 8 मधील आर्टिस्ट्स व्हिलेजचे होते. कोरियांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी आखलेल्या या वसाहतीत सात घरे साधारण आठ मीटर लांबीरुंदीच्या एका अंगणाभोवती बसवलेली आहेत आणि असे तीन समूह मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण होते. लगतच्या दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे आपले घर वाढवता यावे, हा मूळ हेतू होता. घरे त्याप्रमाणे वाढलीही. काही तर पूर्ण पाडून नव्याने उंच बांधली गेली. स्टुडिओच्या तीन शिक्षकांपैकी मॅडमनी प्रत्येक गटाला एक समूह वाटून दिला, मूळ आराखड्यावर आजचा आराखडा ट्रेसिंगवर चढवायला लावला आणि प्रत्येक वाढीपुढे तिचे कारण लिहायला सांगितले: मुलाचे लग्न, भाडेकरूची खोली, गळणारे छप्पर, वाहन ठेवण्याची अडचण. ही योजना यशस्वी झाली की फसली, यावर वर्गात जोरदार वाद झाला, तेव्हा त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. कोणते अंगण अजून वापरात आहे, त्यात शिरण्याची वाट किती रुंद आहे आणि त्या वाटेवर किती घरांच्या खिडक्या उघडतात, एवढेच त्या विचारत राहिल्या. माझ्या मते डिझाइनच्या शिक्षकाचे कसब अशाच ठिकाणी कळते. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जागेवर परत गेल्याशिवाय देता येत नव्हते, आणि परत जाऊन आल्यावर आमचे मत पूर्वीचे राहत नव्हते.

दुसरे काम गावठाणाचे. बांधलेला भाग काळा आणि मोकळी जागा पांढरी ठेवून काढलेला नकाशा अर्बन डिझाइनच्या प्रत्येक वर्गात काढला जातो. आम्ही दिवाळे गावाचा आणि जवळच्या एका सेक्टरचा असा नकाशा एकाच प्रमाणात काढला. सेक्टरच्या नकाशात पांढऱ्यावर सारख्या अंतरावर मांडलेले काळे ठोकळे दिसतात. गावठाणाच्या नकाशात सगळा काळा पुंजका आणि त्यातून वळत जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा. बहुतेक अभ्यासक येथेच थांबतात आणि दाट वस्तीच्या सौंदर्याविषयी चार वाक्ये लिहितात. या शिक्षकांनी आम्हाला तेथे थांबू दिले नाही. भूसंपादन, 1984चे जासईचे शेतकरी आंदोलन, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व, त्यातून आलेली साडेबारा टक्के योजना (घेतलेल्या जमिनीच्या तितक्या टक्के विकसित भूखंड परत देण्याची) आणि गरजेपोटी बांधलेल्या घरांचा अजून न मिटलेला प्रश्न, हे सर्व त्यांनी नकाशाच्या संदर्भात शिकवले. ज्या कुटुंबाची भातशेती आणि मिठागर गेले, त्याने वाढत्या माणसांसाठी गावातच वर चढत जाण्यावाचून दुसरे काय करायचे होते, हा प्रश्न त्या काळ्या पुंजक्यात दडलेला आहे. आमच्या वर्गात प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील मुलेही होती. त्यांच्या घरांविषयी बाकीच्यांनी पाहुण्याच्या कुतूहलाने बोलू नये, याची काळजी शिक्षकांनी कोणताही गाजावाजा न करता घेतली: गटाचे नेतृत्व त्या मुलांकडे दिले आणि घरमालकांशी बोलण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यायला लावली.

याच सत्रात लॅन्डस्केप शिकवणाऱ्या सरांनी धारण तलाव दाखवले. नवी मुंबईचा मोठा भाग भराव घातलेल्या सखल जमिनीवर आहे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून नाल्यांच्या तोंडाशी झडपा बसवलेल्या आहेत. भरती असेपर्यंत पावसाचे पाणी धारण तलावात साठते आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर काय होते, हे समजण्यासाठी यापेक्षा अधिक गणिताची गरज नाही. सर भरतीचे वेळापत्रक घेऊनच आम्हाला तेथे घेऊन गेले. तलावांत साचलेला गाळ, त्यावर वाढलेले खारफुटीचे रान, गाळ काढायचा तर खारफुटीला मिळालेले कायद्याचे संरक्षण, आणि गाळ न काढावा तर तलावाची कमी होणारी क्षमता, हा पेच त्यांनी कोणतेही तयार उत्तर न देता समोर ठेवला. त्यानंतर जोत्याची पातळी ठरवल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाचा नकाशा आम्ही त्यांच्यासमोर ठेवला नाही.

अर्बन डिझाइनच्या शेवटच्या टप्प्यात आम्ही ठाणे स्थानकाचा पश्चिम भाग अभ्यासला. 1853 साली भारतातील पहिली प्रवासी गाडी जेथे आली ते हे स्थानक. स्थानकाबाहेरच्या सॅटिस या उन्नत पुलामुळे बस वर गेल्या, पण खाली रिक्षांची रांग, फेरीवाले आणि जांभळी नाक्याकडे, तलावपाळीकडे निघालेले चालणारे लोक एकमेकांत मिसळलेलेच असतात. ही निवड उत्तम होती. त्यासाठी दिलेला वेळ मात्र अपुरा होता. सत्र संपत आले होते आणि मोजणीनंतर प्रस्ताव मांडायला जेमतेम सवड उरली. बहुतेक गटांनी घाईघाईने एक प्लाझा (मोकळा चौक) काढून दिला आणि शिक्षकांनीही तो चालवून घेतला. ज्यांनी बेलापूरला इतका संयम दाखवला, त्यांच्याकडून ही सूट अपेक्षित नव्हती.

बांधकाम तंत्र शिकवणाऱ्या सरांचा उल्लेख केल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. आज ठाण्यात नोकरी करताना ज्या गोष्टी मला रोज उपयोगी पडतात, त्यांतील बहुतेक त्यांनी शिकवल्या. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर) कोणत्या उताराने घालायचा, भिंत आणि गच्ची मिळतात तेथे वाटा (गोलसर कोपरा) का मारायचा, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर भिंतीवर ओल कशी उतरते, हे त्यांनी पावसाळ्यात चालू कामावर नेऊन दाखवले. मिस्त्री आणि सेंट्रिंगवाले यांच्याशी ते ज्या आदराने बोलत, तोही आमच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला. कोकणपट्टीच्या पावसात टिकणारी इमारत काढायची असेल तर असा शिक्षक हवा.

आता उणिवा. पहिली अभ्यागत शिक्षकांची. वास्तुकला परिषदेच्या नियमांत कायम शिक्षकांबरोबर प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या अभ्यागत शिक्षकांनाही स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. कार्यालय चालवणारा माणूस वर्गात आला की खर्च, परवानगी आणि ग्राहक यांची हवा आत येते. परंतु आमच्या तिसऱ्या वर्षी डिझाइनचे एक अभ्यागत शिक्षक सत्राच्या मध्यावर येणे बंद झाले आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी आधीच्या शिक्षकांनी मान्य केलेले आराखडे पुन्हा मुळापासून तपासायला घेतले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असेल. नुकसान विद्यार्थ्यांचे झाले, आणि व्यवस्थापनाने त्याबद्दल सबमिशनची तारीखसुद्धा पुढे ढकलली नाही. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा स्टुडिओला कायम शिक्षक किती आणि अभ्यागत किती, आणि मागील वर्षी त्यांपैकी किती टिकले, हे अवश्य विचारा. उत्तर देताना कोणी अडखळले तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी उणीव ज्युरीची. बाहेरून आलेले परीक्षक आणि आतले शिक्षक यांच्यासमोर भिंतीवर शीट लावून बोलणे हा या शिक्षणातील कसोटीचा भाग आहे आणि तो तसाच राहावा. मात्र रात्रभर जागून आलेल्या विद्यार्थ्याला सकाळी बोलावून संध्याकाळी उशिरा उभे करणे, मॉडेलचा भाग न विचारता मोडून पाहणे, किंवा कामाऐवजी विद्यार्थ्याच्या बुद्धीवर बोलणे यांत कठोर शिस्त नाही, केवळ अनास्था आहे. येथील बहुतेक शिक्षक असे वागत नाहीत, पण जे एकदोघे वागतात त्यांना इतर शिक्षक त्याच खोलीत असूनही थांबवत नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटते. ज्या मुलामुलींचे इंग्रजी कच्चे आहे, त्यांच्यावर हा प्रसंग जास्त येतो. मराठीत आपला विचार नेमका मांडणारा विद्यार्थी इंग्रजीत अडखळतो आणि त्याचे काम अपुरे समजले जाते. अर्बन डिझाइनच्या मॅडम मराठीत किंवा हिंदीत बोलण्याची मुभा स्वतःहून देत असत. ती मुभा प्रत्येक ज्युरीत असायला हवी.

इमारत सेवा हा विषय साधारण शिकवला जातो. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि अग्निशमन यांचे वर्ग ठरावीक टिपणांवर चालतात आणि त्याची किंमत नोकरीच्या पहिल्या वर्षी मोजावी लागते. वास्तुकलेच्या इतिहासाचे शिक्षक विद्वान आहेत, त्यांचे तास ऐकण्यासारखे असतात. पण परीक्षेत ते स्मरणशक्तीच तपासतात.

पाचव्या वर्षीच्या थीसिसच्या वेळी कोणते शिक्षक मार्गदर्शक म्हणून मिळतात यावर बरेच काही ठरते, आणि येथे ती वाटणी आवडीनिवडीवर न सोडता विषय पाहून केली जाते, ही मोठी जमेची बाजू आहे. माझ्या विषयासाठी मिळालेल्या मार्गदर्शकांनी सुरुवातीच्या भेटींत एकही रेघ काढू दिली नाही. ज्या लोकांसाठी इमारत काढायची त्यांचा दिवस तासातासाने लिहून आणायला सांगितले. ज्याला झटपट आकर्षक चित्रे काढून पुढे जायचे आहे, त्याला हे महाविद्यालय कंटाळवाणे वाटेल. ज्याला आपले शहर पायी फिरून समजून घ्यायचे आहे, त्याने पसंतीक्रमात हे वर लिहावे आणि प्रवेशापूर्वी वार्षिक प्रदर्शनाला जाऊन भिंतीवरच्या कामाइतकेच टेबलांवरचे कच्चे आराखडे पाहावेत. त्यांवर शिक्षकांच्या पेन्सिलीच्या खुणा कशा आणि किती आहेत, हे तेथेच दिसते.